गोथमच्या रांगेतली ती पोलिसगाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या नोकरीमुळे तुम्ही लहानपणी तीन वर्षं शिकागोजवळ राहिलात. १९९७च्या उन्हाळ्यात गर्नी गावच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका पार्कमध्ये ‘बॅटमॅन: द राइड’ या रोलर कोस्टरमध्ये बसलात. त्याच वर्षी पहिल्यांदा तुमचं डोकं राइडला लागणाऱ्या किमान उंचीच्या पट्टीला लागलं होतं. आज राइडचं फारसं काही आठवत नाही, पण रांगेतली फायर हायड्रंटला धडकलेली पोलिसगाडी आणि अंधारातला बॅटमॅनचा तो काळा पोशाख जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. त्या वस्तू सिनेमातल्या खऱ्या होत्या का, त्याच का लक्षात राहिल्या, आणि आता ठाण्यात घरी मुलासाठी तसं काही करायचं तर कसं, असं तुम्ही विचारलं आहे. त्या गाडीपुढे उभं राहून काढलेला एक फोटो आईकडे आहे, असंही लिहिलंय. त्या फोटोकडे शेवटी येतो.

मला या कामात पस्तीस वर्षं होत आली. सुरुवात भांडुपच्या एका फायबरच्या गाळ्यात झाली. चित्ररथ, गणपतीची आरास, कपड्यांच्या दुकानांचे पुतळे, जे येईल ते करायचो. १९९६पासून इलिनॉयमध्ये पार्क, म्युझियम आणि मॉलसाठी देखावे बनवणाऱ्या कारखान्यांत आहे. इकडे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी गर्नीला गेलो, आणि तुमची ती पोलिसगाडी मीही पाहिली. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना हात थोडा थांबलाच.

आधी पहिला प्रश्न. सिनेमाच्या चित्रीकरणात वापरलेल्या त्या वस्तू नव्हेत, त्या रांगेसाठीच मांडलेल्या होत्या. पण पोलिसगाडी ही गाडी म्हणून अगदी खरी होती. साधी अमेरिकन सेडान, तिच्यावर गोथमच्या, म्हणजे बॅटमॅनच्या काल्पनिक शहराच्या, पोलिसांचा रंग आणि चिन्हं. मी दाराजवळ वाकून गोळ्यांची भोकं पाहिली, कारण भोकं हीच आमच्या कामाची परीक्षा असते. ड्रिल मारून भोक पाडलं की कड गोल आणि स्वच्छ येते, आणि पाहणाऱ्याला का ते कळत नाही, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इथं पत्रा बाहेरून आत ठोकलेला होता. भोकाभोवती वाटीसारखा खळगा, त्याच्या कडेला रंगाचे टवके उडालेले, उघड्या पत्र्यावर गंज, आणि तो गंज फक्त खालच्या बाजूला ओघळलेला. वरच्या बाजूला एक ठिपका नाही. पाणी खाली वाहतं हे ज्यानं लक्षात ठेवलं, त्याचं नाव मला माहीत नाही, पण मी त्या दिवशी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. आमच्याकडे कला विभागात याला एजिंग म्हणतात. नवी वस्तू जुनी दिसेल अशी करणं. नवशिक्या कारागीर सगळीकडे सारखा मळ फासतो. मळ मात्र सगळीकडे सारखा बसत नसतो. तो सांध्यात साचतो, पाणी जिथून उतरतं तिथे रेघा सोडतो आणि हात लागतो तिथून निघून जातो.

पोशाखाचं उत्तर वेगळं आहे. १९८९च्या सिनेमात बॉब रिंगवुड यांनी आखलेला बॅटमॅनचा पोशाख फोम लेटेक्सचा होता. रबराचा चीक फेटून फेसाळवतात, साच्यात भरतात आणि भट्टीत शिजवतात. तो मऊ असतो, अंगाबरोबर थोडाफार हलतो, कॅमेऱ्यासमोर जिवंत दिसतो. पण आयुष्य फार कमी. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला खातात. आधी वरचं कातडं कडक होतं, मग तडे जातात, मग बोटाखाली भुगा पडतो. असा पोशाख उन्हाळ्यात रोज हजारो माणसं ज्याच्या पुढून जातात त्या रांगेत ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणंच. म्हणून प्रदर्शनासाठी कडक मालातली प्रत करतात. तिला हलायचं नसतं, फक्त उभं राहायचं असतं. सिनेमावालेसुद्धा एकाच वस्तूच्या अनेक प्रती ठेवतात. जवळून चित्रित करायची ती ‘हिरो’ प्रत, आपटायची-फेकायची ती रबरी ‘स्टंट’ प्रत. आपल्या नाटकातही असंच आहे. तिकडे या सगळ्याला प्रॉपर्टी म्हणतात, आणि सभागृहाच्या पंधराव्या रांगेतून तलवार दिसायची असेल तर ती लाकडावर वर्ख चढवलेली चालते. प्रत कुठल्या अंतरावरून आणि किती वेळ पाहिली जाणार, यावर तिचा खरेपणा ठरतो.

बॅटमॅनच्या गाडीचाही इतिहास असाच आहे. १९६६च्या मालिकेतली गाडी जॉर्ज बॅरिस यांनी लिंकन फ्युचुरा या १९५५च्या एकुलत्या एक प्रायोगिक मोटारीवर घडवली. लोकांना ती इतकी आवडली की तिच्यावरून फायबरग्लासच्या प्रती काढून त्या गावोगाव प्रदर्शनांत फिरवल्या गेल्या. हजारो मुलांनी पाहिलेली ‘ती’ गाडी म्हणजे यातलीच एखादी प्रत. मूळ गाडी २०१३मध्ये लिलावात गेली तेव्हा सगळा खर्च धरून सुमारे ४६ लाख डॉलर आले. १९८९च्या सिनेमातली लांबलचक काळी गाडी अँटन फर्स्ट यांच्या आखणीतून इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत शेवरले इंपालाच्या सांगाड्यावर तयार झाली. म्हणजे मूळ गाडीसुद्धा आतून दुसरीच गाडी होती. ज्याला आपण अस्सल म्हणतो तीही कुणीतरी एका गाळ्यात, दुसऱ्या कशावर तरी रचलेली असते, हे मला पस्तीस वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आता राइड का आठवत नाही आणि रांग का आठवते, याकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

राइड जेमतेम दोन मिनिटांची. रांग उन्हाळ्याच्या शनिवारी तासाभराची, कधी दोन तासांची. तेवढा वेळ तुम्ही त्या जगात पायी चालत होता, आणि ते चालणं कुणीतरी फार विचारपूर्वक आखलेलं होतं. सुरुवात गोथम सिटी पार्कपासून. झाडं, बाकं, नीटनेटकी बाग. मग बाग मागे पडते आणि शहराचा बकाल भाग लागतो. भिंतींवर रंगवलेलं, कारखान्याचं भंगार, आणि तिथं ती गाडी हायड्रंटवर चढलेली. पुढे छत खाली येतं, उजेड कमी होतो, गटाराच्या बोगद्यासारखी वाट, आणि शेवटी बॅटकेव्ह, बॅटमॅनची गुहा, म्हणजे राइडचं स्टेशन. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या माणसाला बोगद्यात आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू आकार दिसू लागतात. पोशाख तुम्हाला ‘अंधारातून उमटल्यासारखा’ वाटला असं तुम्ही लिहिलंय, ते त्यामुळेच. दिवा कमी ठेवून तुमच्याच डोळ्यांकडून ते काम करून घेतलं होतं. आणि एवढ्या वेळात डोक्यावरून दर काही मिनिटांनी गाडी गर्जत जाते, लोकांचे पाय लोंबकळताना दिसतात, पण चेहरे दिसत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलानं तासभर ते पाय पाहिले, तर बसेपर्यंत त्याची निम्मी राइड होऊन गेलेली असते.

त्या पायांचीही एक गोष्ट आहे. त्याआधी लोंबकळणाऱ्या गाड्यांचे कोस्टर होते, पण त्यांचे डबे झोपाळ्यासारखे बाजूला झुलायचे, त्यामुळे त्यांना उलटी कोलांटी घेता येत नसे. ९ मे १९९२ रोजी गर्नीत सुरू झालेली ही राइड जगातली पहिली इनव्हर्टेड कोस्टर. रूळ डोक्यावर, खुर्च्या त्याखाली पक्क्या जोडलेल्या, पायांखाली जमीन नाही. पार्कचे त्या वेळचे व्यवस्थापक जिम विंट्रोड यांना ही कल्पना सुचली, आणि स्वित्झर्लंडच्या मोंथे गावातल्या बॉलिगर अँड माबिलार या कंपनीनं ती उतरवली. वॉल्टर बॉलिगर आणि क्लोद माबिलार या दोन इंजिनिअरांनी १९८८मध्येच ती कंपनी काढली होती. उंची सुमारे १०० फूट, लांबी सुमारे २,७०० फूट, वेग ताशी ५० मैल, एका गाडीत ३२ माणसं. आकडे आज कुणाला मोठे वाटणार नाहीत. पण दोन उभ्या लूपच्या मधोमध जो पीळ आहे, त्यात शरीर क्षणभर वजनरहित होतं. तो पीळ प्रवाशाच्या छातीच्या रेषेभोवती फिरवलेला आहे, रुळाभोवती नाही. डोकं फेकलं जात नाही, जग फिरतं. ही आखणी इतकी नेमकी बसली की पुढच्या काही वर्षांत न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, सेंट लुइस, जॉर्जिया आणि टेक्सास इथल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कांत तीच राइड पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतल्या कोस्टरप्रेमींच्या संघटनेनं २००५मध्ये गर्नीच्या मूळ राइडला ऐतिहासिक ठेव्याचा मान दिला. ठाण्यात राहताय तर याच कंपनीचं काम तुम्हाला जवळच पाहता येईल. खोपोलीच्या इमॅजिकामधली नायट्रो त्यांचीच. तिच्यात रूळ खाली असतो, पण पायांखाली फरशी नसते.

आता न्यू ऑर्लिन्सची हकीगत सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. याच आराखड्याची एक राइड १९९५मध्ये जपानमध्ये ‘गॅम्बिट’ नावानं सुरू झाली. तिथलं पार्क बंद पडल्यावर ती न्यू ऑर्लिन्सला आली आणि २००३मध्ये ‘बॅटमॅन: द राइड’ झाली. २००५च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळात ते सगळं पार्क पाण्याखाली गेलं आणि पुन्हा कधीच उघडलं नाही. उंचावरचा तो पोलादी रूळ मात्र वाचला. तो सोडवून टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला नेला आणि २००८मध्ये ती राइड ‘गोलायथ’ म्हणून सुरू झाली. पोलाद तेच, लूप तेच, पीळ तोच. जपानमध्ये ती बॅटमॅनची नव्हती, न्यू ऑर्लिन्समध्ये झाली, टेक्सासमध्ये पुन्हा राहिली नाही. तिला बॅटमॅन करणारं जे काही होतं ते नाव, रंग, रांग आणि वस्तू यांत होतं. लोक आमच्या कामाला सजावट म्हणतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कधीतरी परत गेलात तर रांगेतल्या बऱ्याच वस्तू बदललेल्या किंवा नाहीशा झालेल्या दिसतील, म्हणून आताच सांगतो. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. उन्हानं फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराची, जेलकोटची, भुकटी होते, हात फिरवला की पांढरं लागतं. बारीक फटीत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं आणि फायबरमधल्या काचधाग्यांच्या मॅटचे थर एकमेकांपासून सोडवतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इकडच्या पहिल्या वर्षी मी एका कारखान्यात बाहेरच्या बागेसाठी फायबरचे खडक केले. मुंबईच्या पावसात टिकतील असे केले, आणि तळाला पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर पाहायला गेलो तर अर्ध्याअधिक खडकांना खालून उभे तडे गेले होते. ते सगळे मी स्वतःच्या हातानं परत केले. तेव्हापासून माझ्या हातून भोकाशिवाय एक तुकडा बाहेर गेलेला नाही. आणि शिवाय माणसांचे हात असतात. हाताच्या टप्प्यात ठेवलेली वस्तू दोन उन्हाळ्यांत घासून गुळगुळीत होते. मला त्या खुणा आवडतात, पण पार्कला त्या रंगवाव्या लागतात, आणि पाचव्यांदा रंगवण्यापेक्षा एक दिवस ती वस्तू काढून टाकणं स्वस्त पडतं.

आता घरी करण्याबद्दल. गाडी करू नका. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह किंवा मुखवटा करा, एवढ्यात सगळं कसब लागतं.

आधी मातीत घडवा. शाडूत करता येईल, पण तो सुकतो, तडकतो, आणि तुम्हाला रोज संध्याकाळी तासभरच वेळ मिळणार. म्हणून तेलाची माती घ्या, ती महिनाभर मऊ राहते. ती घेताना एक चौकशी नक्की करा: तिच्यात गंधक आहे का? बऱ्याच तेलमातींत असतं. साच्यासाठीचं, प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की जमतच नाही, वरून घट्ट आणि आत चिकट राहतं, आणि महिन्याची मेहनत एका रात्रीत जाते. गंधकरहित माती मिळाली नाही तर टिनवर जमणारं सिलिकॉन वापरा, त्याला गंधकाचा त्रास नाही. सिलिकॉनच्या साच्यावर प्लॅस्टरचं कवच करा, नाहीतर तो ओतताना फाकतो. पेणला गणपतीचे कारखाने पाहिले असतील तर ही रीत ओळखीची वाटेल. आत लवचीक रबरी साचा, बाहेर कडक आधार.

ओतायला झटपट जमणारं पॉलियुरेथेन सोपं, पण जून ते सप्टेंबर त्याला हात लावू नका. हवेतला ओलावा त्यात गेला की ते फसफसतं आणि सगळा तुकडा बुडबुड्यांनी भरतो. डबा उघडा ठेवू नका, साचा आधी उन्हात किंवा दिव्याखाली कोरडा करा. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. फायबर करणार असाल तर रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर लागेल, आणि इथे मी हात जोडून सांगतो: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मग हार्डनर टाका. खिडक्या उघड्या, हातमोजे, चष्मा, वाफांसाठीचा मास्क. मुलगा घरात असताना हे काम नकोच. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला दोन दिवस खाजवते, फुप्फुसात गेली तर त्याहून वाईट.

रंग काळा देऊ नका. म्हणजे नुसता काळा देऊ नका. आधी गडद राखाडी, त्यावर काळा, मग सांध्यात पातळ तपकिरी सोडून लगेच फडक्यानं पुसा, आणि कडांवर कोरड्या ब्रशनं किंचित चंदेरी ओढा. मंद दिव्यात कड उजळली नाही तर काळी वस्तू काळ्या खोलीत दिसतच नाही. तुमच्या आठवणीतला पोशाख दिसला तो अशाच कडांमुळे.

आणि ती वस्तू घरातच ठेवा, विकू नका. कॅलिफोर्नियात एक कारागीर १९६६ आणि १९८९च्या गाड्यांच्या हुबेहूब प्रती करून सुमारे नव्वद हजार डॉलरला एक अशा विकत असे. बॅटमॅनचे हक्क असलेल्या डीसी कॉमिक्सनं खटला भरला, आणि २०१५मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की बॅटमॅनची गाडी हे स्वतंत्र पात्रच आहे आणि तिच्यावर कॉपीराइट आहे. गाडीला पात्र मानणारा तो निकाल मी पूर्ण वाचला. कारागिराची बाजू मला जवळची असली तरी न्यायालयाचं हे निरीक्षण मला पटलं. लहान मुलं त्या गाडीकडे पात्र म्हणूनच पाहतात.

आता तो फोटो. पोलिसगाडीचा छोटा देखावा, म्हणजे हायड्रंट आणि गाडीचा पुढचा भाग, पुढे कधी करावासा वाटला तर मापं लागतील. फोटोवरून मापं काढायला त्यात एक माहीत असलेली लांबी हवी. एरवी आम्ही चाकाच्या रिमवरून अंदाज काढतो. तुमच्याकडे त्याहून चांगलं आहे. या राइडला उंचीची अट ५४ इंचांची, आणि त्याच वर्षी पहिल्यांदा तुमचं डोकं पट्टीला लागलं. म्हणजे फोटोत हायड्रंटशेजारी उभा असलेला मुलगा बुटांसकट ५४ इंच किंवा केसभर जास्त. आईला सांगून फोटो कडेपासून कडेपर्यंत सपाट स्कॅन करून घ्या, बुटाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत पट्टी लावा, आणि गाडीची बाकीची मापं त्या मुलावरून काढा.